खाटा किती, हात किती?

रुग्णालयाच्या नव्या इमारतीची बातमी आपल्याकडे ठरलेल्या साच्यात येते. आधी खाटा, मग मजले, मग कोटी. सोबत भूमिपूजनाचे छायाचित्र असते. कुदळीला हात लावून उभे असलेले सहा-सात मान्यवर, आणि शेजारी संगणकावर काढलेले इमारतीचे चित्र. त्या चित्रात इमारतीपुढे हिरवळ असते आणि हिरवळीवर एकही माणूस डबा उघडून बसलेला नसतो. एवढ्यावरून कोणीही सांगेल की हे चित्र काढणाऱ्याने सरकारी रुग्णालयात एकही रात्र काढलेली नाही.

मी स्थापत्यविशारद नाही, डॉक्टरही नाही. जुने अहवाल, अंदाजपत्रके आणि देणगीदारांच्या शिळा वाचण्याचा नाद लागलेला एक साधा वाचक आहे. पण नाटकाची, कादंबरीची समीक्षा होते तशी सार्वजनिक इमारतीचीही व्हायला हवी असे मला फार दिवस वाटत आले आहे. इमारतही कोणीतरी कोणासाठी तरी रचलेली असते, तिच्यातही निवड असते, काही सांगितलेले असते आणि काही दडवलेले असते. कादंबरी फसली तर ती आपण मिटून ठेवतो. रुग्णालय फसले तर ते आजाऱ्याला मिटून ठेवता येत नाही. म्हणून या लेखात मुंबई आणि तिच्या आसपासच्या रुग्णालयांच्या आकाराकडे पाहायचे आहे. प्रश्न एवढाच धरला आहे: रुग्णालय मोठे झाले म्हणतो तेव्हा नेमके काय मोठे झालेले असते?

‘खाट’ या शब्दापासूनच सुरुवात करावी लागते. खाट म्हणजे लोखंडी पलंग आणि त्यावरची गादी, इतका सरळ अर्थ असता तर प्रश्नच नव्हता. पलंग बाजारात मिळतात. रुग्णालयाच्या हिशेबात खाट म्हणजे त्या पलंगामागे उभी असलेली माणसे: परिचारिका, डॉक्टर, वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार, औषध देणारा, रक्त तपासणारा, स्वयंपाकघरातला आचारी. भारतीय परिचर्या परिषदेचा जुना दंडक असा की वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक, आणि रजेसाठी वर तीस टक्के राखीव. हजार खाटांचे शिक्षण-रुग्णालय म्हणजे या हिशेबाने ३३३ परिचारिका, राखीव धरून सुमारे ४३३. हे केवळ वॉर्डांचे झाले. अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह, प्रसूतिकक्ष यांचे हिशेब निराळे आणि जास्त कडक. म्हणजे ‘हजार खाटा’ ही घोषणा खरे तर काही हजार माणसांच्या नेमणुकीची घोषणा असते. ती तशी कोणी वाचत नाही, कारण ती तशी लिहिलेलीच नसते.

यामागे सरकारी जमाखर्चाची रीत आहे. इमारत भांडवली खर्चात बसते. तिला निविदा असते, कंत्राटदार असतो, कोनशिला असते, लोकार्पण असते. माणसे महसुली खर्चात बसतात. त्यांच्यासाठी आकृतिबंध मंजूर व्हावा लागतो, पदनिर्मिती व्हावी लागते, वित्त विभागाची संमती लागते, आणि तो खर्च दर महिन्याला, कायमचा असतो. पदनिर्मितीच्या शासननिर्णयाला फीत नसते, त्यामुळे ती कापायला कोणी येत नाही. एकाच रुग्णालयाचे हे दोन भाग दोन टेबलांवरून दोन निराळ्या वेगांनी सरकतात, आणि इमारतीचे टेबल नेहमी पुढे असते.

आता मोठ्या रुग्णालयाला विरोध हाच शहाणपणा, असे मला अजिबात म्हणायचे नाही. आपल्या आरोग्यव्यवस्थेचा मूळ आराखडा ज्या भोर समितीने १९४६ मध्ये मांडला, ती लहानपणाची भक्त नव्हती. त्या वेळी देशात हजार लोकांमागे ०.२४ खाट होती आणि समितीचे दूरचे लक्ष्य ५.६७ खाटांचे होते. जिल्ह्याच्या ठिकाणी तिने २,५०० खाटांचे रुग्णालय सुचवले होते. आजही हा आकडा छाती दडपवणारा आहे. पण त्या मोठ्या रुग्णालयाच्या खाली तिने ६५० खाटांची रुग्णालये ठेवली होती, आणि त्यांच्याही खाली, दहा ते वीस हजार वस्तीमागे एक, अशी ७५ खाटांची. म्हणजे अडीच हजार खाटा हा कळस होता, आणि खाली देऊळ होते. आपण काय केले? कळस उचलला, तोही शहरात बसवला, आणि गाभाऱ्याचे काम पुढच्या पंचवार्षिक योजनेवर ढकलले. ७५ खाटांचे रुग्णालय दर वीस हजार वस्तीमागे आजही कुठे नाही. त्यामुळे तापाचा रुग्ण आणि मेंदूच्या गाठीचा रुग्ण एकाच केसपेपरच्या रांगेत उभे राहतात, आणि मग रांग लांबली म्हणून आणखी मोठी इमारत हवी असे ठरते.

फार मोठ्या रुग्णालयाची भीती जुनी आहे आणि ती निराधार नाही. पॅरिसचे ओतेल-द्यू हे रुग्णालय १७७२ च्या डिसेंबरअखेरीस जळाले. ते पुन्हा कसे बांधावे यावर पुढे पंधरा-सोळा वर्षे खल चालला. झाक तनों या शल्यवैद्याने १७८८ मध्ये त्यावरचे आपले टिपण छापले. एका पलंगावर चार-चार, सहा-सहा रुग्ण, त्यात ताप आलेला आणि नुकती बाळंत झालेली शेजारी शेजारी, हे सारे त्याने मोजून लिहिले. तिथे दाखल होणाऱ्या साधारण साडेचारांपैकी एक दगावत होता. त्याच काळात एडिंबरात पंचवीसांत एक. अभ्यासकांच्या समितीची शिफारस होती की एका अजस्र रुग्णालयाऐवजी शहराच्या कडेने १,२०० खाटांची चार बांधावीत. समीक्षक म्हणून मला तनों फार जवळचा वाटतो. त्याने दर्शनी भागाबद्दल जवळपास काही लिहिले नाही. पलंगाची रुंदी आणि जिन्याची पायरी मोजली.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ च्या आपल्या रुग्णालयविषयक पुस्तकात हाच धागा पुढे नेला. तिचे म्हणणे ढोबळमानाने असे: एका छपराखाली फार आजारी माणसे कोंबू नका, तीसेक खाटांचा लांबट वॉर्ड करा, म्हणजे एका परिचारिकेची नजर शेवटच्या खाटेपर्यंत पोहोचेल, दोन्ही बाजूंनी समोरासमोर खिडक्या ठेवा, दोन मजल्यांपलीकडे जाऊ नका, आणि असे वॉर्ड एकमेकांपासून अंतर राखून मांडा. दूषित हवेने रोग होतात ही तिची समजूत पुढे चुकीची ठरली. पण तिच्या मापातली एक गोष्ट जंतुशास्त्र आल्यावरही टिकली. तिच्या वॉर्डाचा आकार जमिनीच्या भावावरून ठरत नव्हता, बाईच्या नजरेच्या पल्ल्यावरून ठरत होता.

सुट्या सुट्या वॉर्डांची ही रीत मुंबईतही आली. तिच्या खुणा चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात अजून दिसतात. संसर्गजन्य रोगांचे हे रुग्णालय पूर्वी आर्थर रोड हॉस्पिटल म्हणून ओळखले जाई. १८९६ च्या प्लेगात इथेच रुग्ण आणले जात, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने या रुग्णालयावर हल्ला केला होता. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची खात्री झाली होती. सव्वाशे वर्षांनी, २०२० च्या मार्चमध्ये, मुंबईतले करोनाचे पहिले रुग्ण ठेवायला शहराला आठवले तेही हेच रुग्णालय. अलग ठेवायची सोय मुळातच ज्याच्या मांडणीत आहे ते जुने आवार अशा वेळी उपयोगी पडते. एरवी बांधकामाच्या हिशेबात त्याला ‘न वापरलेली जागा’ म्हणतात.

परळचे केईएम मात्र निराळ्या महत्त्वाकांक्षेतून उभे राहिले, आणि त्याच्याशी थोडा वेळ थांबायला हवे. सातव्या एडवर्डच्या स्मारकासाठी निधी जमला, महापालिका पुढे आली, आणि १९२६ मध्ये शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय सुरू झाले. रचनाकार जॉर्ज विटेट, म्हणजे गेटवे ऑफ इंडिया आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचा. पाहणारे दगडी कमानींबद्दल बोलतात, आणि कमानी चांगल्याच आहेत. पण त्या रुग्णालयाच्या इतिहासातला माझ्या मते सर्वांत मोठा दगड दिसत नाही. तो देणगीच्या अटीत आहे. गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी पैसे देताना अट घातली की इथे शिकवणारे सगळे हिंदी असले पाहिजेत. १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वरच्या जागा सरकारी सेवेतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती असत; हिंदी डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याची वाट अडलेली असे. ती अडचण या अटीने एका जागी तरी मोडली. जीवराज मेहता अधिष्ठाता झाले आणि १९४२ पर्यंत राहिले.

आजच्या भाषेत सांगायचे तर ही अट इमारतीची नव्हती, आकृतिबंधाची होती. देणगीदाराने मजले किंवा घुमटाची उंची ठरवून दिली नाही. खाटेशेजारी कोण उभे राहील हे त्याने ठरवून दिले. केईएमचा पुढचा सगळा लौकिक त्या निर्णयातून आला असे मला वाटते. विटेटच्या कमानींनी त्याला सावली दिली, इतकेच. १९२१ मध्ये असहकाराच्या लाटेत निघालेले नॅशनल मेडिकल कॉलेज, म्हणजे आजचे नायर रुग्णालयाचे टोपीवाला महाविद्यालय, त्याचीही गोष्ट अशीच आहे. आधी शिकवणारे आणि शिकणारे एकत्र आले, भिंती मागाहून. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय १९४७ मध्ये सुरू झाले तेही लष्कराच्या जुन्या बराकींत. म्हणजे मुंबई महापालिकेची जी तीन रुग्णालये देशभरच्या डॉक्टरांना माहीत आहेत, त्यांतल्या दोघांची सुरुवात तरी भव्य इमारतीने झाली नाही.

भव्यता आली ती जमीन संपल्यावर. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती १ कोटी २४ लाख भरली. केईएमच्या बाह्यरुग्ण विभागात वर्षाला सुमारे १८ लाख लोक येतात आणि ८५ हजारांच्या आसपास दाखल होतात. शीवचे महाविद्यालय १९६४ चे. त्यानंतर महापालिकेचे पुढचे वैद्यकीय महाविद्यालय कूपर रुग्णालयात सुरू झाले ते थेट २०१५ मध्ये. मधली पन्नास वर्षे वस्ती उत्तरेला सरकत गेली आणि मोठ्या वैद्यकाची ठिकाणे भायखळा, परळ, मुंबई सेंट्रल, शीव याच पट्ट्यात राहिली. विरारहून सलाइनची सुई हाताला तशीच ठेवून लोकलने परळला आलेली माणसे मी पाहिली आहेत. रुग्णालयाच्या आकारात हे अंतरही धरायला हवे. पण ते कोणत्याच नकाशात येत नाही, कारण नकाशा आवाराच्या भिंतीपाशी संपतो.

जमीन नाही म्हणून वर जायचे, हे व्यवहाराला धरून आहे. विकास नियमावली रुग्णालयांना जादा चटईक्षेत्र देते. पण वर जाण्याची किंमत कोणी हिशेबात मांडत नाही, म्हणून मी एक बाळबोध गणित करून पाहिले. केईएमइतकी गर्दी घ्यायची. १८ लाखांना वर्षाच्या ३०० कामकाजी दिवसांनी भागले तर रोज ६,०००. प्रत्येकासोबत एक नातेवाईक धरला तर १२,०००. ही गर्दी एका काल्पनिक दहा मजली इमारतीत आणली आणि त्यांतल्या निम्म्यांनाच वर जायचे आहे, तेही सकाळच्या तीन तासांत, असे मानले, तर तासाला २,००० माणसे वर चढवायची आहेत. वीस माणसांची लिफ्ट बहुतेक मजल्यांवर थांबत एक फेरी चार मिनिटांत करील असे धरू. तासाला पंधरा फेऱ्या, ३०० माणसे. म्हणजे केवळ या लोकांसाठी सात लिफ्ट अखंड चालू हव्यात, आणि एकही बंद पडता कामा नये. स्ट्रेचर, जेवणाची गाडी, धुण्याच्या चादरी, ऑक्सिजनची नळकांडी, शवागाराकडे जाणारी ट्रॉली यांचा मी विचारच केलेला नाही. सरकारी इमारतीत सातांपैकी किती लिफ्ट एका वेळी चालू असतात, हे वाचकांनी आपल्या अनुभवाने ठरवावे. मी तर ‘दुरुस्ती सुरू आहे’ ही पाटीच गंजून गेलेली पाहिली आहे.

आणि आग. कोलकात्याच्या ढाकुरियातल्या आमरी रुग्णालयाला ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे आग लागली आणि नव्वदच्या आसपास माणसे गेली. आग तळघरात होती. तिथे वाहने ठेवायच्या जागी सामान भरले होते. माणसे मेली ती वरच्या मजल्यांवर, बहुतांशी धुराने, कारण इमारत काचेने बंद केलेली होती आणि वातानुकूलनाच्या वाटांनी धूर वर चढला. काचा बाहेरून फोडाव्या लागल्या. समोरासमोरच्या खिडक्या हा नाइटिंगेलबाईंचा जुनाट हट्ट वाटतो, त्यांनी एकदा ही रात्र आठवावी. आगीसाठी उंचीच लागते असे मात्र नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला दहा नवजात बाळे गेली, ती काही मनोऱ्यात नव्हती. त्याच वर्षी मार्चमध्ये भांडुपला एका मॉलच्या वरच्या मजल्यावरच्या रुग्णालयात आणि एप्रिलमध्ये विरारच्या अतिदक्षता विभागात तेच घडले. बंद खोली, विजेचा भार आणि स्वतःहून हलू न शकणारा रुग्ण, ही तीन कारणे पुरेशी असतात. उंची त्यांत चौथे घालते: धावत येणाऱ्याला लागणारा वेळ. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला जिन्याने सात मजले उतरवायला किती जण लागतात, हा आराखड्याच्या पहिल्या पानावरचा प्रश्न असायला हवा.

मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट मात्र यांपैकी नाही. ती आहे मधल्या काळाची. मोठी नवी इमारत बहुधा मोकळ्या जागेवर होत नाही. ती जुन्या रुग्णालयाच्या जागी होते. म्हणजे आधी जुने पाडायचे. नव्या खाटा येणार असतात, जुन्या गेलेल्या असतात, आणि आजार थांबलेला नसतो. या काळात त्या खाटांवरची माणसे कुठे जातात, याचा नकाशा भूमिपूजनाच्या फलकावर नसतो.

ठाण्याचे उदाहरण घ्या. विठ्ठल सायन्ना यांच्या नावाचे जुने जिल्हा रुग्णालय, लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’, पाडून तिथे ९०० खाटांचे अतिविशेषोपचार रुग्णालय बांधायचे ठरले. सिव्हिल तात्पुरते मनोरुग्णालयाच्या आवारात हलवण्यात आले. शहापूर-मुरबाडकडून सिव्हिलच्या भरवशावर येणाऱ्या रुग्णांपैकी बरेच जण मग कळव्याच्या महापालिका रुग्णालयाकडे वळले. ते ५०० खाटांचे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. त्यांतले अनेक उशिरा, अत्यवस्थ स्थितीत आले होते असे सांगण्यात आले, आणि ते खरेही असेल. चौकशी समिती नेमली गेली. सिव्हिल हलवले म्हणून हे मृत्यू झाले, असे सरळ समीकरण मी मांडत नाही. पण त्या दिवसांतल्या बातम्यांत सिव्हिलचा वाढलेला भार हा मुद्दा पुन्हा पुन्हा येत होता, आणि ९०० खाटांच्या योजनेत तो भार कोणी, किती वर्षे, कोणत्या जादा माणसांनिशी उचलायचा याची तजवीज ठळकपणे कुठेच दिसत नव्हती. पूल बांधताना आपण पर्यायी रस्ता करतो आणि त्याची पाटीही लावतो. रुग्णालय पाडताना पर्यायी रस्ता म्हणजे शेजारचे आधीच भरलेले रुग्णालय.

मुंबईत बोरिवलीच्या भगवती रुग्णालयाच्या पुनर्बांधणीने दशकाहून अधिक काळ घेतला. मुलुंडच्या अगरवाल रुग्णालयाचीही रखडपट्टी तिथल्या रहिवाशांना पाठ आहे. या दोन्ही ठिकाणी नवी इमारत दिमाखदार दिसेल यात शंका नाही. पण दहा वर्षे म्हणजे काय? जुन्या इमारतीच्या वेळी जन्मलेले मूल नव्या इमारतीत येईपर्यंत चौथी-पाचवीत गेलेले असते, आणि मधल्या काळातले त्याचे सगळे ताप, जुलाब, मोडलेले हात दुसरीकडे कुठेतरी निस्तरलेले असतात. बऱ्याचदा खासगीत, उसन्या पैशांवर. या खर्चाला प्रकल्पाच्या किमतीत धरायला हवे.

माणसांशिवाय भिंती म्हणजे काय, हे नांदेडने त्याच वर्षी दाखवले. शहरातून विष्णुपुरीला हलवलेले शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जागेने ऐसपैस आहे. सप्टेंबरअखेरीस तिथे चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि चर्चा आली ती रिक्त पदांवर आणि औषधखरेदीवर.

बांधण्याचा वेग आता प्रश्नच राहिलेला नाही, हे करोनाने सिद्ध केले. वुहानमध्ये हजार खाटांचे रुग्णालय दहा दिवसांत उभे राहिल्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. आपणही मागे नव्हतो. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर मे २०२० मध्ये हजार खाटांचे केंद्र काही आठवड्यांत उभे राहिले, आणि ते त्या वेळी शहराला फार उपयोगी पडले हे मान्य करायला हवे. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर ऑगस्टमध्ये ८०० खाटांचे जम्बो रुग्णालय झाले. मांडव वेळेत उभा राहिला. प्रशिक्षित माणसे उभी राहिली नाहीत, आणि पहिल्या काही दिवसांतच ते चालवणारी संस्था बदलावी लागली. तंबू दोन आठवड्यांत होतो. अतिदक्षता विभागातली परिचारिका व्हायला चार वर्षांचे शिक्षण आणि वर काही वर्षांचा हात बसावा लागतो. तिला निविदा काढून मागवता येत नाही.

मोठेपणाच्या बाजूने जे बोलायचे ते आता प्रामाणिकपणे बोलतो. हृदयाची, कर्करोगाची, नवजाताची अवघड शस्त्रक्रिया जिथे जास्त संख्येने होते तिथे ती चांगली होते. हात बसलेला असतो. किरणोपचाराचे यंत्र गल्लोगल्ली ठेवता येत नाही. विद्यार्थ्याला शिकायला रुग्णांची विविधता लागते, आणि वैद्यकीय जागांची परवानगी खाटांच्या संख्येशी बांधलेली असल्याने महाविद्यालयाला खाटा वाढवाव्याच लागतात. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल ८० खाटांनिशी सुरू झाले. ते तेवढेच राहिले असते तर देशाचे नुकसान झाले असते. तेव्हा वाढ हवीच. प्रश्न तिच्या शेवटाचा आहे. पाटण्याचे वैद्यकीय महाविद्यालय-रुग्णालय पाच हजारांहून अधिक खाटांचे करण्याचे काम चालू आहे. चीनमधल्या झेंगझोऊ विद्यापीठाच्या रुग्णालयात सात हजारांहून जास्त खाटा झाल्या, आणि २०१४ मध्ये तिथल्या सरकारलाच सार्वजनिक रुग्णालयांनी आकार वाढवत नेण्याला आवर घालणारे परिपत्रक काढावे लागले. मोठे रुग्णालय आसपासची लहान रुग्णालये शोषून घेते, हा त्यांचा अनुभव. डॉक्टर तिकडे जातो, मागोमाग रुग्ण जातो, आणि तालुक्याच्या रुग्णालयात पंखा फिरत राहतो. पाटण्याच्या बातम्या वाचताना मला जगातले कितव्या क्रमांकाचे रुग्णालय होणार याची चर्चा आढळली. दरभंगा किंवा गया इथून किती जणांना आता पाटण्याला यावे लागणार नाही, याची आढळली नाही.

खाटेच्या हिशेबात आणखी एक माणूस कायम सुटतो: नातेवाईक. युरोपातून आलेल्या नकाशात तो भेटीच्या वेळेपुरता येतो आणि घंटा झाली की जातो. आपल्याकडे तो जात नाही, आणि गेला तर वॉर्ड चालणार नाही. रिपोर्ट तो आणतो, रक्ताची पिशवी तो आणतो, बेडपॅन तो देतो, स्ट्रेचरला धक्का तो लावतो. परिचारिकांची जी कमतरता आकृतिबंधात दिसते ती वॉर्डात त्यानेच भरून काढलेली असते, बिनपगारी आणि बिनप्रशिक्षणाची. म्हणजे हजार खाटांच्या इमारतीत रात्री किमान हजार माणसे अशी असतात ज्यांना झोपायला, आंघोळीला, दोन घास रांधायला जागा लागते, आणि नकाशात त्यांच्या नावाने काहीही नसते.

ही जागा आपल्याकडे इमारत बांधणाऱ्यांनी ओळखली नाही. धर्मशाळा बांधणाऱ्यांनी ओळखली. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, आणि त्यांच्या नावाच्या मिशनने दादरला चालवलेली धर्मशाळा आज कर्करुग्ण आणि त्यांच्या सोबत्यांसाठी आहे. परळची नाना पालकर स्मृती समितीही हेच काम करते. पंढरीचा यात्रेकरू आणि परळचा यात्रेकरू यांतला सारखेपणा ज्यांना दिसला, त्यांची दृष्टी मला कोणत्याही वास्तुविशारदाइतकीच मोलाची वाटते. पण धर्मशाळेच्या खोल्या मोजक्या, आणि उपचार महिनोन्‌महिने चालणारे. ज्यांना खोली मिळत नाही ते परळच्या पदपथावर निळी ताडपत्री बांधून राहतात. केमोथेरपी झालेला माणूस, तोंडाला पट्टी, शेजारी स्टोव्ह.

नव्या इमारतींच्या नकाशांत तळमजल्यावर एक कक्ष असतो, त्यावर ‘प्रतीक्षाकक्ष’ असे लिहिलेले असते. त्यात जोडखुर्च्या काढलेल्या असतात, मध्ये लोखंडी हातांच्या, म्हणजे कोणाला आडवे होता येऊ नये. रात्री साडेदहानंतर अशा कोणत्याही कक्षात जाऊन पाहावे. खुर्च्या रिकाम्या असतात, आणि त्यांच्या खाली, पायांच्या मधल्या फटीत, वर्तमानपत्रे अंथरून माणसे झोपलेली असतात.